अमानत हरवते तेव्हा
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने कशावर बोलावे हे बहुधा ठरलेले असते. निकाल, शिस्त, अभ्यासाच्या सवयी, मुलींचे शिक्षण हे ते विषय. ते महत्त्वाचे आहेतच. तथापि आज मी एक अप्रिय विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. वसतिगृहात, यतीमखान्यात, मदरशात किंवा अशाच एखाद्या आश्रयाच्या ठिकाणी ठेवलेले आपले माणूस एके दिवशी तेथे नाही असे आढळले, तर कोणी काय करावे, हा तो विषय होय. अशा विषयावर आधी बोलणे अशुभ आहे असे काहींना वाटेल. पण आग लागल्यावर विहीर खणायला घेऊन उपयोग नसतो, हे आपले वाडवडील सांगून गेले आहेत.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे कालपर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्याला, मुले घराबाहेर ठेवणे नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावेच लागते. मग मुले आजी-आजोबांजवळ राहतात किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्या वेळी उमरगा व लोहारा भागांतील कितीतरी मुले एका रात्रीत पोरकी झाली. अशा मुलांसाठी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले. आपल्या समाजातही कोणी मुलाला हाफिज करावे म्हणून दूरच्या मदरशात घालतो, कोणी अकरावीसाठी लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवतो, कोणी बाप वारलेल्या भाच्याला यतीमखान्यात दाखल करतो. यात कमीपणा काहीच नाही. शिक्षणासाठी घर सोडणे ही आपल्याकडे इज्जतीची गोष्ट मानली गेली आहे.

पण मूल दुसऱ्याच्या हाती सोपवले की त्या नात्याला एक नाव येते. ते नाव म्हणजे अमानत. अमानत ज्याची त्याला नीट परत करावी, ही आपल्या धर्माची शिकवण लहान मुलालाही ठाऊक असते. पैशाची अमानत हरवली तर ती भरून देता येते. लेकराची अमानत भरून देता येत नाही. म्हणूनच ती हरवली असे वाटताच पहिल्या घटकेपासून जे करावयाचे ते बिनचूक झाले पाहिजे.

प्रथम, मूल जाते कसे ते पाहू. 'पळून गेला' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. या शब्दात सारा दोष मुलावर ढकललेला असतो. वस्तुतः लहान मूल अनेकदा कुठे पळून जात नाही. ते घरी जायला निघते. आईची आठवण येते, मोठी मुले त्रास देतात, जेवण मानवत नाही, पाठ झाले नाही म्हणून छडीची धास्ती असते, आणि ते वाट धरते. मोठ्या मुलांचे निराळे असते. परीक्षेतले अपयश, मोबाईलवरून झालेली बोलणी, मुंबई-पुण्याला काम देतो असे कोणीतरी दाखवलेले आमिष. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत लग्नाचे वचन देऊन नेणारा कोणी असू शकतो. आणि काही वेळा मूल जाते ते त्या संस्थेतच कोणीतरी त्याच्याशी वाईट वागत असते म्हणून. हे शेवटचे कारण ऐकायला कडू आहे, पण ते डोळ्यांआड करून चालणार नाही. गेलेले मूल काहीतरी सांगत असते. तोंडाने सांगता आले नाही म्हणून ते पायाने सांगते.

आता मुद्द्याची गोष्ट. मूल नाही असे कळल्यावर सर्वांत मोठे नुकसान होते ते उशिराने. आणि हा उशीर अज्ञानाने जितका होतो, त्याहून अधिक तीन भीतींनी होतो. त्या तिन्हींची आपण नीट तपासणी करू.

पहिली भीती अब्रूची. विशेषतः मुलगी असेल तर घरचे लोक म्हणतात, "आधी नातेवाइकांत शोधू, बोभाटा नको." एक दिवस मामाकडे, दुसरा दिवस मावशीकडे चौकशीत जातो. तेवढ्यात ती लेक सोलापूरहून गाडीत बसून हजार मैलांवर गेलेली असू शकते. मला विचाराल तर अब्रू ही काचेची बरणी नव्हे की चार लोकांना कळले म्हणजे फुटली. मुलीला शोधण्यात ज्याने कसूर केली त्याची अब्रू जाते. जो बाप रात्री दहा वाजता पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतो त्याची जात नाही.

दुसरी भीती संस्थेच्या नावाची. गृहपालाला वाटते, वरिष्ठांना कळले तर नोकरी जाईल. चालकांना वाटते, वर्तमानपत्रात आले तर पुढच्या वर्षी प्रवेश होणार नाहीत. मग हजेरीवर 'रजेवर' असा शेरा पडतो आणि घरी फोन करताना "तुमच्याकडे आला आहे का?" असे सहज विचारल्यासारखे केले जाते. येथे मला हजरत यूसुफ यांच्या किश्शाची आठवण होते. भावांनी त्यांना विहिरीत टाकले आणि रात्री बापापुढे खोट्या रक्ताने माखलेला सदरा घेऊन रडत आले. बापाला ते खरे वाटले नाही. तिकडे वाटसरूंच्या काफिल्याने पोहऱ्याबरोबर मूल वर काढले आणि थोड्याशा नाण्यांना विकले. हरवलेल्या मुलाबाबत खोटी हकिकत रचली की काय होते, हे सारे त्या किश्शात आहे. मूल गेल्याबद्दल संस्थेला एक वेळ माफी मिळेल. मूल गेल्याचे लपवल्याबद्दल मिळता कामा नये.

तिसरी भीती पोलिसांची आणि कायद्याची. ही आपल्या समाजात अधिक आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मे २०२३ मधील घटना आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. बिहारमधील अररिया जिल्ह्यातून पुणे व सांगलीकडील मदरशांत शिकायला निघालेली ५९ मुले दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ व मनमाड स्थानकांवर उतरवून घेण्यात आली. बरोबरच्या पाच जणांवर मुलांच्या तस्करीचा गुन्हा दाखल झाला. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले आणि मुलांना काही दिवस नाशिक व जळगाव येथील बालगृहांत काढावे लागले. पुढे तपासात तस्करीचा काही पुरावा मिळाला नाही आणि २०२४ साली पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या पाच जणांच्या आणि त्या लेकरांच्या वाट्याला जे आले त्याचे दुःख आपल्याला वाटले पाहिजे. पण त्यातून निघणारा धडा "पोलिसांपासून लांब राहा" असा मात्र नाही. धडा असा की, परक्याची मुले घेऊन प्रवास करणाऱ्याजवळ प्रत्येक मुलाच्या आईबापांचे संमतिपत्र, मुलाच्या ओळखीचा पुरावा, कुठून कुठे जात आहोत त्याचे संस्थेचे पत्र आणि घरच्यांचे फोन क्रमांक हे सर्व असलेच पाहिजे. ज्याचे कागद चोख, त्याची मान ताठ. आणि दुसरे असे की, ज्या अधिकाऱ्यांनी संशय घेतला ते ज्या कामासाठी नेमलेले आहेत ते काम खरे आहे. मुले गाडीतून खरोखरच नेली जातात. आपले मूल उद्या अशा गाडीत असेल, तर तेथे कोणीतरी संशय घेणारा असावा असेच आपल्याला वाटेल.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. 'चोवीस तास वाट पाहा, मग तक्रार घेऊ' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. लहान मुलांच्या बाबतीत त्याला कायद्याचा काहीही आधार नाही. बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या खंडपीठाने आदेश दिला. त्यानुसार हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि मुलाला कोणीतरी पळवून नेले आहे असे धरूनच तपास सुरू केला पाहिजे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि मुलीला हे लागू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देता येते. वसतिगृह लातूरला आणि आपण उमरग्याला, म्हणून उमरग्याच्या ठाणे अंमलदाराने परत पाठवावे असे चालत नाही. खबरीची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्यात खबर घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. हे सर्व सभ्यपणे, पण ठामपणे सांगावे. आवाज चढवण्याची गरज पडत नाही; तारीख आणि कलम सांगता आले म्हणजे पुष्कळ काम होते.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम ऐका. विद्यार्थ्यांनीही लक्ष द्यावे, कारण मूल नाही हे प्रथम त्याच्या शेजारच्या सतरंजीवर झोपणाऱ्यालाच कळते.

हजेरीत मूल नाही असे दिसले की पहिल्या अर्ध्या तासात संस्थेने चार गोष्टी कराव्यात. एक, पुन्हा एकवार सर्वांची शिरगणती करावी, म्हणजे एकच गेला की दोघे गेले हे कळेल. दोन, सर्व इमारत, गच्ची, संडास, पाण्याची टाकी, आवारातील विहीर, जवळचे शेततळे पाहावे. विहीर आधी पाहावी, मग बाकीचे. तीन, त्याच्या मित्रांना एकेकटे घेऊन प्रेमाने विचारावे. दमदाटी केली तर मुले मिटून जातात. "तुला काही होणार नाही, त्याला वाचवायचे आहे" असे म्हटले तर बोलतात. चार, घरी फोन करून खरे ते सांगावे. त्याची पेटी, वह्या, अंथरूण कोणी उचकटू नये. त्यात चिठ्ठी असेल, कोणाचा नंबर असेल, आणि ते पोलिसांनीच पाहिलेले बरे.

त्याच वेळी दोन-दोन माणसे बाहेर पाठवावीत. आपल्याकडे वाटा मोजक्या आहेत. एस.टी. स्टँड, काळी-पिवळी जीपगाड्यांचा थांबा, लातूर-कुर्डुवाडी मार्गावरचे रेल्वे स्थानक, सोलापूर-धुळे आणि पुणे-हैदराबाद या हमरस्त्यांवरील धाबे. स्टँडवरच्या नियंत्रकाला, कंडक्टरला, चहाच्या टपरीवाल्याला फोटो दाखवावा. जवळच्या मशिदीत आणि दर्ग्यात पाहावे. भेदरलेले मूल अनेकदा तेथेच जाऊन बसते. ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस किंवा तुळजापूरची यात्रा चालू असेल तर तेथील पोलीस मदत केंद्र गाठावे.

तासाभरात मूल सापडले नाही तर थांबू नये. ११२ ला फोन करावा. मुलांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि आता ती ११२ शी जोडलेली आहे. रात्री-अपरात्री कोणीही, अगदी मूल स्वतःसुद्धा, हा क्रमांक फिरवू शकते. पैसे लागत नाहीत. रेल्वेने गेल्याची शंका असेल तर १३९ वर कळवावे, म्हणजे पुढच्या स्थानकावर रेल्वे सुरक्षा दल पाहू शकते. आणि फोन केला म्हणून ठाण्यात जाणे टाळू नये. जाताना अलीकडचा फोटो, जन्मतारखेचा दाखला, उंची, रंग, अंगावरची खूण, शेवटचे घातलेले कपडे, कोणत्या भाषा बोलतो, काही औषध चालू आहे काय, हे एका कागदावर लिहून न्यावे. घाबरलेल्या बापाला त्या वेळी मुलाच्या शर्टाचा रंगही आठवत नाही. म्हणून हा कागद दाखल्याच्या दिवशीच तयार करून संस्थेने कपाटात ठेवावा आणि त्यातला फोटो दर वर्षी बदलावा. दहाव्या वर्षीचा फोटो दाखवून तेराव्या वर्षीचे मूल ओळखता येत नाही.

संस्था नोंदणीकृत बालगृह असेल तर प्रमुखाने पोलिसांना व कुटुंबाला कळवून बालकल्याण समितीकडे सविस्तर अहवाल पाठवावयाचा असतो. आणि निराधार मुलांना ठेवून घेणारी जी संस्था अद्याप नोंदणीविना चालू आहे, तिच्या चालकांना मी हात जोडून सांगतो की बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती न करणे हा गुन्हा आहे. हेतू पवित्र असला तरी कागद लागतोच. मशिदीची जमीनसुद्धा आपण वक्फनाम्याशिवाय ठेवत नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मूल हरवले की लोक मोबाईलवर निरोप सोडतात. फोटो पाठवणे एक वेळ ठीक. पण "मुले पळवणारी टोळी आली आहे" असे लिहिणे हे विष आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे. त्यांतील बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढे भागातली. त्यांच्या घरीही मुले वाट पाहत होती. म्हणून निरोपात मुलाचे वर्णन, पोलीस ठाण्याचे नाव आणि फोन क्रमांक एवढेच असावे. संशयित म्हणून कोणाचा फोटो, कोणाची जात, कोणाचा धर्म त्यात येता कामा नये. आणि मूल सापडले की तोच निरोप मागे घ्यावा, फोटो काढून टाकावा. नाहीतर ते पोर मोठे झाले तरी 'तो हरवलेला' म्हणून ओळखले जाते.

शोध लांबला तर काय? पुष्कळ घरांत आठ दिवसांनी रडणे संपते आणि महिन्याने बोलणे संपते. मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्याकडे हरवलेल्या १६६ मुलींचा तपास होता. त्यांतील १६५ सापडल्या. जानेवारी २०१३ मध्ये अंधेरीत शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली सात वर्षांची एक मुलगी तेवढी राहिली. २०१५ साली ते निवृत्त झाले, पण तिचा फोटो त्यांनी जवळ बाळगला आणि शोध सोडला नाही. ती मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, आपल्या आईला भेटली. ती होती घरापासून फार दूर नाही, त्याच भागात. या हकिकतीतून दोन गोष्टी घ्याव्यात. जवळचे आधी शोधावे. आणि सरकारी नोकर म्हटला की तो बेफिकीरच, असे मानू नये. हजरत याकूब यांनीसुद्धा वर्षानुवर्षांच्या दुःखानंतर आपल्या मुलांना हेच सांगितले की जा, शोधा, आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. आपणही दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन तपासाची चौकशी करावी, तीही लेखी.

आतापर्यंत मी मुलांविषयी बोललो. पण आश्रयाला राहणारी सगळीच मुले नसतात. वृद्धाश्रमातले विसराळू आजोबा असतात, मनाने आजारी असलेला काका असतो, बुद्धीने लहान राहिलेली थोरली बहीण असते. अशांना वयाने सज्ञान म्हणून "येईल परत" असे म्हणत वाट पाहणे घातक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे असा भटकणारा आजारी माणूस आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षण द्यावयाचे, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावयाचे आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावयाचा. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावरच्या अशाच रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याच्या कामाबद्दल. म्हणजे रस्त्यावर जो वेडा म्हणून आपण पाहतो आणि पुढे जातो, त्याचे कोठेतरी घर असते आणि तेथे कोणी त्याची वाट पाहत असते. अशा आपल्या माणसाच्या खिशात नाव, गाव व फोन लिहिलेली चिठ्ठी असावी, किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूला ती शिवून टाकावी. शिवणकामाचे पैसे पडत नाहीत.

आणि धडधाकट माणसाचेही ऐका. जून २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहीर खोदण्याच्या कामावर डांबून ठेवलेल्या अकरा मजुरांची सुटका केली. त्यांना रात्री साखळीने बांधून ठेवत असत. एक मजूर निसटला, हिंगोली जिल्ह्यात आपल्या गावाकडे पोहोचला, पोलिसांत गेला, आणि त्यामुळे बाकीचे सुटले. त्या मजुरांच्या गावी किती लोकांना वाटले असेल की, कामाला गेला आहे, येईल! म्हणून कामासाठी बाहेर जाणाऱ्याने मुकादमाचे नाव, गाव आणि फोन घरी लिहून ठेवला पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा त्याचा आवाज घरच्यांनी ऐकला पाहिजे. निरोपावर समाधान मानू नये.

मूल सापडले, आता पुढे? पालकहो, हीच खरी कसोटीची वेळ. स्टँडवर मूल दिसताच पहिली थोबाडीत देणारा बाप मी पाहिलेला आहे. त्या बापाच्या मनात माया असते, भीती असते, पण मुलाच्या हाती येते ती थोबाडीत. त्याला आधी जेवू घाला, झोपू द्या, डॉक्टरांना दाखवा. पोलिसांत तक्रार झालेली असेल तर तेथे हजर करा. मुलगा कोठे होता, कोणाबरोबर होता हे त्याला निर्भयपणे सांगता आले पाहिजे. मग, एक-दोन दिवसांनी, एवढेच विचारा की, "तिथे काय सोसवत नव्हते?" आणि उत्तर मिळाले की ते उत्तर संस्थेने बदलून दाखवावे. छडी कारण असेल तर छडी बंद व्हावी. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास तशीही मनाई आहे. कोणी अंगाला हात लावला असे मूल म्हणाले, तर ते प्रकरण बैठकीत बसून मिटवण्याचे नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग आरोप कोणावरही असो. दाढी पाहून, पद पाहून किंवा देणगी पाहून येथे सूट नाही.

मुलाला त्याच वसतिगृहात परत पाठवावे की नाही, हे मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नये.

संचालक मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. संस्थेच्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ दोनदा हजेरी व्हावी. फज्रनंतर आणि इशानंतर ती सोयीची पडेल. बाहेर जाणाऱ्याची वेळ, कारण आणि नेणाऱ्याची सही असलेली वही दारात असावी, आणि नेणारा सख्खा मामा असला तरी सही घ्यावी. आणि प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा घरी फोन करता यावा, तोही कोणी शेजारी उभे न राहता. या तिन्ही गोष्टींना एक वही, एक पेन आणि थोडी सवय एवढेच लागते.

आता शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. घरचा एक तरी फोन नंबर आजच तोंडपाठ करा. मोबाईल हरवला की त्यातले नंबरही हरवतात. सहन होत नसेल तर निघून जाण्यापूर्वी एका तरी मोठ्या माणसाला सांगा. उस्तादांना नाही सांगता आले तर आपल्या वर्गशिक्षकांना सांगा, त्यांनाही नाही तर १०९८ ला सांगा. आणि शेजारचा मित्र रात्री उशीत तोंड खुपसून रडत असेल, किंवा "मी जाणार आहे, कोणाला सांगू नको" असे म्हणाला असेल, तर ते गुपित ठेवू नका. ते सांगणे म्हणजे चुगली नव्हे. मित्राची अमानत सांभाळण्याची ती एक रीत आहे.

आईबाप लेकराला संस्थेच्या दारात सोडतात, तेव्हा पाठ फिरवून जाताना ते एकदा तरी वळून पाहतात. त्या वळून पाहण्यातला विश्वास फार मोठा असतो. तो फुकट जाऊ न देण्याची जिम्मेदारी संस्थेची आहे, पालकांची आहे आणि आपल्या सर्वांची आहे.